देवरुखजवळचं जुनं परडं: काय ठेवावं, काय काढावं?

चाफ्याची_सावली

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी डोंबिवली सोडून आम्ही देवरुखजवळ माझ्या आजोळच्या घरी राहायला आलो. घर चिऱ्याचं, कौलारू. पहिला पावसाळा घर सावरण्यात गेला, त्यामुळे मागच्या परड्याकडे आत्ता कुठे लक्ष जातंय. जागा साधारण पाच गुंठे. दोन फणस, एक रातांबा, ओळीनं पोफळी, कढीपत्त्याचं माणसाएवढं झुडूप, पांढरा चाफा आणि मागच्या कोपऱ्यात एक वठलेला आंबा. बाकी सगळं रान, कित्येक वर्षं कोणी हात न लावलेलं. दगडी गडगा दोन ठिकाणी ढासळलाय.

परवा रान काढणारी माणसं बघून गेली. ती म्हणतात, सगळं तासून काढू, पातेरा (गळलेली वाळकी पानं) गोळा करून पेटवून देऊ, आंबा पाडू, आठ दिवसांत परडं लख्ख. आईला हे पटलंय, कारण न्हाणीमागे दोनदा धामण दिसली आणि तेव्हापासून ती संध्याकाळी मागे जातच नाही. माझी मुलगी चौथीत आहे. ती इथे आल्यापासून वहीत रोज काही ना काही लिहिते: सातभाई, खारी, सरडे, फणसावरचं घुबड. परडं साफ होणार हे ऐकून ती जेवलीच नाही. मलाही हे सगळं जायला नको आहे. पण नेमकं काय राखायचं ते कळत नाही.

आणखी काही शंका. एक दयाळ रोज सकाळी गाडीच्या आरशाला चोची मारतो, त्याचं काय करावं? पक्ष्यांसाठी पाणी ठेवलं तर डास होतील का? मुलीसाठी दाण्यांचं प्लास्टिकचं भांडं मागवलंय, ते कुठे टांगू? आणि तिच्या वहीत ऑक्टोबरची एक नोंद आहे: “छोटा पक्षी, चोच वाकडी, पोट पिवळं, गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ.” हा कोण?

गडग्यापलीकडे

पातेरा पेटवू नका. बाकीचं सवडीनं वाचा, पण हे आधी त्या माणसांना सांगा.

मी राजापूर तालुक्यात राहते. सासरचं परडं गेली तीस-पस्तीस वर्षं माझ्याच हाताखाली आहे, त्यामुळे तुमच्या पाच गुंठ्यांत काय असेल ते डोळ्यांपुढे येतं. फणसाखाली वीतभर पातेरा साचलेला असेल. वरचा थर हातानं बाजूला करा. खाली ओल लागेल, गांडुळं, वाणी, गोगलगायी, किडे दिसतील. सातभाई दिवसभर पानं उलटत फिरतात ते त्यांच्यासाठी. मे अखेरीस झाडांवर लुकलुकणारे काजवेही याच ओलीतून येतात. त्यांच्या अळ्या जमिनीत आणि पातेऱ्यात वाढतात, गोगलगायी खातात. मार्चमध्ये पातेरा पेटवला की मेमधले काजवे त्यातच जळतात. भाताच्या दाढीच्या, म्हणजे रोपांच्या वाफ्याच्या, भाजावळीला कोणी चार भारे मागितले तर द्या, तो शेतीचा भाग आहे. पण परड्यातला पातेरा नुसता नाहीसा करायचा म्हणून जाळू नये.

वणव्याची भीती मात्र खरी आहे, ती सोडून चालणार नाही. पाणंदीच्या कडेनं पाच-सहा फुटांची पट्टी आत्ताच झाडून साफ करून घ्या. घराभोवतीही तेवढीच पट्टी मोकळी ठेवा, म्हणजे तुमच्या आईला पाऊल टाकताना जमीन दिसेल. तिथला पातेरा उचलून पोफळींच्या आळ्यांत घाला. शिंपण्याचं पाणी कमी लागेल. मधली जागा तशीच राहू दे.

रानात रानमोडी आणि घाणेरी असेल तर ती उपटून काढाच. ही दोन्ही बाहेरून आलेली, दुसऱ्या कशाला उठू देत नाहीत. मात्र एकदम सगळं नको, यंदा निम्मं, पुढच्या वर्षी निम्मं. आत्ता त्यात बुलबुल, शिंपी यांची घरटी असू शकतात. कोयता घालण्याआधी प्रत्येक झुडूप नीट बघून घ्या. घरटं दिसलं तर तेवढं झुडूप महिनाभर सोडा. बुलबुल साधारण दोन आठवडे अंडी उबवतो, पुढे जवळपास तेवढ्यात पिलं घरटं सोडतात. करवंद, दिंडा, तोरण असं काही उगवून आलं असेल तर त्याला हातही लावू नका. ओळखता येत नसेल तर फोटो टाका, मी सांगेन.

वठलेला आंबा हे तुमच्या परड्यातलं सगळ्यात मोलाचं झाड आहे. तांबट आणि सुतार पक्षी मेलेलं, मऊ पडलेलं लाकूड कोरून घर करतात. ते सोडून गेले की त्याच ढोलीत दयाळ येतो, वल्गुली येते. मुलीनं पाहिलेलं घुबड छोटं, गोल डोक्याचं, दिवसा टक लावून बघणारं असेल तर तो पिंगळा, त्यालाही ढोलीच लागते. तुमच्या भागात धनेश आहेत. त्यांची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि नर बारीकशा फटीतून तिला आणि पिलांना फळं भरवतो. मोठ्या धनेशाला फार जुनं, प्रचंड झाड लागतं, तो तुमच्या आंब्यात येईल असं म्हणत नाही. पण जुनी ढोल एकदा पाडली की तशी दुसरी व्हायला कित्येक दशकं जातात.

आता दयाळ. तो आरशातल्या स्वतःला दुसरा नर समजून हाकलतोय. हा त्यांचा विणीचा काळ आहे, जुलैपर्यंत हे चालेल आणि त्यात तो नुसता दमतो. गाडी उभी केली की आरशावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवा. दुसरं काही लागत नाही. हाच पक्षी थंडीत गप्प होता आणि आता पहाटे शेंड्यावर बसून गातो, हे मुलीला दाखवा.

तिच्या वहीतली नोंद वाचून मला फार आनंद झाला. तो जांभळा सूर्यपक्षी आहे, नर. आत्ता तुम्हाला जो काळाभोर, उन्हात निळा-जांभळा चमकणारा शिंजीर दिसतो तोच हा. वीण संपली की नर ती चमक उतरवतो आणि मादीसारखा फिका होतो, गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ तेवढी उरते. थंडी सरत आली की पुन्हा काळा. चौथीतल्या मुलीनं ती रेघ टिपली म्हणजे नजर चांगली आहे. तिला सांगा, प्रत्येक नोंदीला तारीख आणि झाड लिही. एक वर्ष भरलं की तिचं तिलाच कळेल की कोण कधी येतं.

पुढे काय काय येईल ते सांगते, सगळं नाही, मला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच.

एप्रिल-मेमध्ये रातांबे आणि करवंदं पिकतील. आमसुलांसाठी रातांबे काढाल तेव्हा शेंड्यावरचे राहू द्यात. पपई लावलीत तर पक्ष्यांनी टोचलेलं फळ काढून टाकू नका, झाडावरच ठेवा. बुलबुल, साळुंक्या, खारी त्यावर आठवडाभर येतात. दाण्यांच्या भांड्यापेक्षा त्या एका पपईपाशी मुलीला जास्त बघायला मिळेल.

रोहिणी लागल्या की परड्यातला रात्रीचा दिवा बंद. काजव्यांचे नर-मादी प्रकाशानेच एकमेकांना शोधतात, पांढऱ्या एलईडीखाली ते जमत नाही. पडवीत हवा तर मंद पिवळा बल्ब लावा, तोंड खाली करून. पहिल्या जोरदार सरीनंतर बेडूक बाहेर येतात, त्यातले मोठे नर पिवळेजर्द झालेले असतात. त्यांना धरणारे लोक रात्री बॅटऱ्या घेऊन फिरतात. बेडूक मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तुमच्या आवारात स्पष्ट मनाई करा. याच सुमारास नवरंग येतो. तो दक्षिणेतून इथे विणीसाठी येतो, दोन सुरांची शीळ घालतो आणि खातो ते सगळं पातेऱ्यातलं. फणसाखाली पहाटे शांत बसलात तर दिसेल. वाऱ्या-पावसात दमून कधी ओट्यावर येऊन पडतो. खोक्यात अंधारात, हवेशीर ठेवायचा, तोंडात पाणी ओतायचं नाही, तरतरी आली की सोडायचा.

पावसात कढीपत्त्यावर लक्ष ठेवा. पानावर पाखराच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसेल, ती मॉर्मन फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते, डिवचली तर डोक्यामागून लाल शिंग काढते आणि उग्र वास सोडते. झुडूप माणसाएवढं आहे, आमटीला पानं पुरतील, अळ्यांना त्यांचा वाटा द्या. त्याशेजारी एक पपनस किंवा ईडलिंबू लावा. निळं-काळं, तळहाताएवढं निलवंत त्यावर अंडी घालतं. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला, आणि आपल्याकडे ते घरामागे फिरतं.

पाऊस सरताना चतुरांचे थवे दिसतील. त्यातले पिवळसर चतुर मालदीववरून समुद्र ओलांडत आफ्रिकेकडे जातात. इतकं नाजूक काहीतरी आपल्या परड्यावरून तिकडे जातं हे मला दर ऑक्टोबरला नव्यानं खरं मानावं लागतं. मग धोबी पक्षी येतो, शेपूट हलवत खळ्यात फिरतो, आणि थंडी सुरू झाली असं आम्ही म्हणतो.

एक झाड लावायचं तर पांगारा. पावसाच्या तोंडावर हातभर जाडसर फांदी रोवली की जगते, आणि त्यावर मिरीची वेल चढते, म्हणजे घरालाही उपयोग. पानं गळून फांद्या उघड्या पडल्या की लाल फुलं येतात. त्या दिवसांत शिंजीर, बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, चष्मेवाले सगळे एकाच झाडावर. ढासळलेला गडगा सिमेंटनं सांधू नका, सुकाच रचून घ्या. त्याच्या फटीत सापसुरळ्या आणि पाली राहतात.

दाण्यांचं भांडं आलंच आहे तर मुलीचं मन मोडू नका. मूठभर तांदूळकणी सकाळी घालायची, दुपारी उरलेलं काढून भांडं धुऊन ठेवायचं. पावसात बंद. ओलं धान्य बुरसतं आणि पक्षी आजारी पडतात. ढीग घातलात तर कबुतरं आणि उंदीर येतील आणि उंदरांमागून तुमच्या आईला नको असलेलं आणखी काही.

वऱ्हाडी_सावली

काकूंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त पाण्याबद्दल. आमच्या अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे पाणी हा आमचा पक्का विषय.

मातीची उथळ परात घ्या, दोन इंचांपेक्षा खोल नको. मधोमध एक खडबडीत दगड ठेवा. धातूचं भांडं उन्हात पोळतं आणि गुळगुळीत प्लास्टिकवर पाखराचा पाय घसरतो. दोन जागा करा: एक जमिनीवर, सातभाई, होले, खारी, मुंगूस यांच्यासाठी, आणि एक छातीएवढ्या उंचीवर. भांड्याभोवती चार-पाच फूट उघडी जागा असली की दबा धरलेलं मांजर आधी दिसतं. जवळ फांदी मात्र हवी, भिजलेला पक्षी तिथे बसून पंख सुकवतो. तिसऱ्या एका ताटलीत खडे भरून जेमतेम पाणी घाला. मधमाश्या खोल पाण्यात बुडतात, खड्यांवर बसून पितात. साखर, मध, गूळ काही घालू नका.

डासांचं: डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो. एक दिवसाआड पाणी ओतून नारळाच्या शेंडीनं भांडं घासलं की प्रश्नच नाही. साबण नको. ओतलेलं पाणी कुंडीत.

तुमच्या लेकीसाठी आणखी एक. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते, भारतात ती २०१३ पासून चालते. घरामागे बसून पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकायची. यंदाची झाली, पण यादी वर्षभर कधीही टाकता येते. आणि ५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. चितमपल्लींनी आमच्या विदर्भातल्या जंगलांत आयुष्य घालवलं. त्या आठवड्यात शाळेत तिला तिची वही वाचून दाखवू द्या, तिच्या बाईंना आधीच सांगून ठेवा.

रात्रीचा_फोन

मी लांज्याकडे साप पकडून सोडण्याचं काम करतो, म्हणून धामणीबद्दल.

धामण बिनविषारी आहे. न्हाणीमागे ती उंदरांसाठी येते. तिथे लाकडं, शेणी किंवा नारळाच्या सोडणांचा ढीग असेल, तो घरापासून वीस फुटांवर, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर रचा. कोंबड्यांचं धान्य डब्यात. उंदीर कमी झाले की धामण न्हाणीमागचा मुक्काम हलवते, परड्यात मात्र राहते, आणि राहू द्यावी. तिला मारलंत तर उंदीर वाढतील.

पण आईंची भीती मी मोडून काढणार नाही. आपल्या जिल्ह्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत. फुरसं लहानसं असतं आणि कातळावर, दगडाखाली बसतं, म्हणून गडगा रचताना हात घालण्याआधी दगड काठीनं किंवा पहारीनं हलवा. पातेऱ्यात बूट घालूनच जायचं. रात्री बॅटरीशिवाय दारातसुद्धा नाही. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या, मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश अनेकदा कळतही नाही. दंश झालाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक नाही. हात किंवा पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. तिथली प्रतिविषाची लस या चारही सापांवर चालते. आपल्या दवाखान्यात ती कधी असते, रात्री डॉक्टर कोण असतात, हे आजच विचारून फोनजवळ लिहून ठेवा. साप घरात आला तर वनविभागाचा १९२६ क्रमांक.

आईंना एकदा दिवसाउजेडी लांबून धामण दाखवा. लांब, सडपातळ अंग, मोठे गोल डोळे, माणूस दिसला की पळते. एकदा ओळख पटली की दर सळसळीला जीव घाबरा होत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

चाफ्याची_सावली

सगळ्यांचे मनापासून आभार. गडग्यापलीकडे, मीही तुम्हाला काकूच म्हणते, चालेल ना? रान काढणाऱ्यांना फक्त दोन पट्ट्यांचं काम दिलं. आरशावर मोजा चढवला, दयाळ आता गडग्यावर बसून गातोय. आईनं तुमचा आणि रात्रीचा_फोन यांचा असे दोन्ही प्रतिसाद वाचून घेतले आणि लाकडांचा ढीग हलवायचा म्हणाली.

दोन गोष्टी राहिल्या. शेजारच्या काकांची हापूसची बाग आहे, मोहरावर फवारणी चालते आणि वारा आमच्याकडे असतो. आमच्या मागच्या भिंतीच्या भोकात सातेरी मधमाश्या आहेत, त्यांची काळजी वाटते. आणि वठलेला आंबा पावसात पडला तर, असं आई विचारते.

गडग्यापलीकडे

काकू म्हणा, मला आवडेल.

शेजाऱ्यांशी बोलताना फवारणी बंद करा असं म्हणू नका. हापूसच्या मोहरावर त्यांचं वर्षाचं घर चालतं, तुडतुड्यांनी मोहर काळा पडला की हाती काही राहत नाही. त्यांना एवढंच विचारा: मोहर फुललेला असताना फवारायचंच असेल तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, वारा पडल्यावर फवाराल का? आदल्या दिवशी एक हाक माराल का? आंब्याचं परागीभवन माश्या आणि मधमाश्याच करतात, म्हणजे तुमच्या भिंतीतल्या सातेरी त्यांच्याही बागेत कामाला जातात. हे त्यांनाही माहीत असणार, फक्त कोणी विचारलेलं नसतं. फणस पिकले की पहिला त्यांच्याकडे पाठवा. हाक आली की त्या दिवशी पाण्याची भांडी पालथी घाला आणि दुसऱ्या दिवशी धुऊन भरा. सातेरीच्या भोकाशी धूर करू नका, प्लास्टर करू नका.

आईंचा प्रश्न बरोबर आहे. घरावर, गोठ्यावर किंवा पाणंदीवर पडेल असं झाड ठेवू नये. पण सगळं पाडायची गरज बहुतेक पडत नाही. वरच्या फांद्या उतरवून दहा-बारा फुटांचा बुंधा उभा ठेवता येतो, ढोली त्यातच असतात. उतरवलेलं लाकूड कोपऱ्यात आडवं टाका, पावसात त्यावर अळंबी येतात. हे काम आत्ता नको, कोणी आत असेल. पावसाला धोका आहे असं दिसलं तर मे अखेरीस ढोलीशी सकाळ-संध्याकाळ ये-जा बघून मगच फांद्यांना हात लावा.

झाड घरापासून किती फुटांवर आहे, किती उंच आहे, आणि कुठल्या बाजूला कलतं ते लिहा. फोटो दोन बाजूंनी टाका. बुंध्याला ठोकून बघा, आवाज पोकळ येतो की भरीव तेही सांगा.